दुधाइतका पातळ रंग



चित्रांची वही, रंगाच्या बाटल्या, अर्धवट राहिलेली मॉडेल्स, सगळं ठीक ना? आज आपण एका अगदी साध्या वाटणाऱ्या कामाविषयी बोलणार आहोत. एअरब्रशसाठी रंग पातळ कसा करायचा, त्याविषयी. ‘त्यात काय शिकायचं? घातलं पाणी की झाला पातळ!’ असं तुमच्यातलं कुणीतरी नक्की म्हणणार. मीसुद्धा असंच म्हणालो होतो, बरं का! आणि त्याची शिक्षा माझ्याऐवजी एका गणपतीबाप्पाला झाली.

ही १९९५ सालची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही राहायचो नांदेडला आणि माझं आजोळ होतं परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, ताडकळसला. पूर्णा जंक्शनपर्यंत रेल्वे, तिथून पुढे एसटी. माझे मामा गावातले पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, भिंतीवरच्या जाहिराती अशी कामं वर्षभर चालायची. पोळा झाला की मात्र सगळं बाजूला आणि ओसरीत ओळीनं गणपती! कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती मामा बाहेरून आणायचे आणि रंगकाम घरी करायचे.

मामांकडे एक कॉम्प्रेसर होता आणि दोन गन होत्या. मोठी गन ट्रॉलीसाठी. छोटी, जाड पेनाएवढी, मूर्तीच्या गालांवरची लाली आणि सोंडेवरची छाया अशा नाजूक कामासाठी. तीच एअरब्रश. तिला हात लावायची मला बंदी होती. आणि ज्याची बंदी असते त्याच्यावरच आपलं मन जास्त जातं, हो की नाही?

त्या वर्षी ओसरीतली एक मूर्ती गल्लीतल्या एका आजींची होती. आदल्या वर्षी त्यांच्या घरात दुःख झालं होतं, म्हणून त्यांच्याकडे गणपती बसला नव्हता. यंदा बसणार होता. आजी रोज संध्याकाळी यायच्या, दुरूनच मूर्ती बघायच्या आणि जायच्या. मूर्तीच्या अंगाचा रंग झाला होता. डोळ्यांभोवतीची छाया आणि गालांवरची लाली तेवढी राहिली होती. डोळ्यांची आखणी तर अगदी शेवटी असते.

मामा सोनेरी रंग आणायला परभणीला गेले. जाताना म्हणाले, “मी येईस्तोवर कशालाच हात लावू नको.”

मी लगेच हात लावला! वाटीतला गुलाबी रंग श्रीखंडासारखा घट्ट होता. तसाच गनमध्ये भरला. गन फुर्र फुर्र करून बंद पडली, आणि मग एकदम थुंकल्यासारखे चार ठिपके गालावर उडवले. मी घाबरलो. ‘रंग घट्ट आहे, पाणी पाहिजे’ एवढं कळलं, आणि लोट्यातलं पाणी सरळ वाटीत ओतलं. किती? ते मला आजही सांगता येणार नाही. पुन्हा गन धरली, तीही अगदी जवळ. रंग मूर्तीवर बसेचना. तो साठला, थरथरला आणि दोन्ही डोळ्यांच्या जागेपासून खाली गालांवर ओघळला.

मामांच्या आधी आजीच आल्या. मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, “डोळे उघडायच्या आधीच देव रडायलाय का रे?”

तेवढ्यात मामा आले. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि आजींना म्हणाले, “मावशी, माझ्याकडूनच रंग पातळ झाला. उद्या नीट करून देतो.”

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण घशात असा काही आवंढा आला की गप्प बसवेना. म्हणालो, “मामांनी नाही. मी केलं.” आजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “मग आता तूच नीट कर,” एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या.

त्या रात्री मामांनी मला रागावण्याऐवजी रंग पातळ करायला शिकवलं. ते काय शिकवलं, ते आता तुम्हालाही सांगतो. हल्ली बॅटरीवर चालणारे छोटे एअरब्रश सहज मिळतात, आणि तुमच्यापैकी काही जणांकडे असतीलही. पण नसला तरी वाचा. शेवटी बिनखर्चाचा एक उद्योग आहे!

आधी गन काम कशी करते ते पाहू. दोन नळ्या घ्या, सरबत प्यायच्या असतात तशा. एक नळी पाण्याच्या पेल्यात उभी धरा, तिचं वरचं तोंड पाण्याच्या थोडंसंच वर राहू द्या. दुसरी नळी आडवी धरून तिचं टोक पहिलीच्या तोंडाला अगदी टेकवा. आता आडव्या नळीतून जोरात फुंका. काय झालं? समोर तुषार उडाले! जोरानं जाणाऱ्या हवेमुळे उभ्या नळीच्या तोंडाशी दाब कमी होतो, पेल्यातलं पाणी आपोआप वर चढतं आणि हवेच्या झोताबरोबर त्याचे बारीक बारीक थेंब होतात. एअरब्रशचं सगळं गुपित एवढंच. (प्रयोग साध्या पाण्याचाच करा, रंगाचा नको. चुकून ओढला तर तोंडात जाईल.)

आता हाच प्रयोग मनातल्या मनात मधाने करून पाहा. मध वर चढेल? नाही! म्हणजे रंग घट्ट असेल तर हवेला तो उचलताच येत नाही. त्यात एअरब्रशच्या नोझलचं भोक असतं साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ शिवणाच्या दोऱ्याएवढं. त्यातून श्रीखंड कसं जाणार?

फुंकून रंगवायची ही युक्ती माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका गुहेत, भिंतीवर पंजा ठेवून भोवती रंग उडवून काढलेला हाताचा छाप आहे. तो किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा आहे, असं शास्त्रज्ञांनी २०१४ साली सांगितलं. यंत्राची सुरुवात मात्र अलीकडची. अमेरिकेत अ‍ॅब्नर पीलर नावाच्या माणसानं १८७९ च्या सुमारास हवेनं रंग उडवणारं एक सुरुवातीचं उपकरण तयार केलं. सुरुवातीला त्याचा उपयोग झाला तो फोटो रंगवायला आणि दुरुस्त करायला. आणि गंमत म्हणजे, मोठ्या स्प्रे गनच्या एका प्रसिद्ध घराण्याची सुरुवात एका डॉक्टरांपासून झाली. डॉ. डेव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारायचं यंत्र बनवलं होतं. पुढे त्यांच्या मुलानं तेच तंत्र रंगासाठी वापरलं.

आपल्याकडे या तुषारांची जादू दाखवली ती चित्रकार रघुवीर मुळगावकर यांनी. १९७६ साली ते गेले, पण त्यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरवरची देवदेवतांची चित्रं जुन्या घरांत अजून दिसतात. एखादं सापडलं तर नीट बघा. उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, ते बोट ठेवून दाखवताच येत नाही. रंगाचा थर पातळ असल्याशिवाय असं होत नाही.

तर आता मुख्य काम. पातळ म्हणजे किती पातळ?

मामांचं उत्तर होतं, “दुधाइतका.” पाण्याइतका नाही, ताकाइतका नाही, दुधाइतका. वाटी तिरकी करा आणि रंग कडेवर जाऊन परत खाली येऊ द्या. रंग एकदम निथळून गेला आणि कड कोरी राहिली, तर तो फार पातळ. गोळा होऊन रेंगाळला, तर घट्ट. हळूहळू उतरला आणि मागे एकसारखी पातळ साय ठेवून गेला, तर जमलं!

पण नजरेला धोका होऊ शकतो. म्हणून मामांकडे एक माप होतं. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं प्लास्टिकचं टोपण, त्याला तळाशी उदबत्तीची काडी जेमतेम जाईल एवढं भोक. भोकावर बोट ठेवायचं, टोपण १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत दुधानं भरायचं, बोट काढायचं आणि टोपण रिकामं होईपर्यंत आकडे मोजायचे. मामा मोजायचे ते धान्य मोजतात तसे, “लाभ, दोन, तीन...” समजा दूध बारा आकड्यांत रिकामं झालं. मग टोपण धुऊन त्याच रेषेपर्यंत रंग भरायचा. रंगाला तीस आकडे लागले तर तो घट्ट. आणखी पातळ करा, पुन्हा मोजा. दुधाच्या आकड्याजवळ आला की थांबा.

तुम्हाला वाटेल, हा खेड्यातला जुगाड आहे. मुळीच नाही! मोठमोठ्या रंगाच्या कारखान्यांत हेच करतात. त्यांच्या भांड्याला फोर्ड कप म्हणतात. चार नंबरच्या कपाला तळाशी साधारण ४ मिलिमीटरचं भोक असतं आणि रंग किती सेकंदांत गळतो, ते घड्याळ लावून मोजतात. मामांनी फोर्ड कप कधी पाहिला नव्हता, पण त्यामागचं शास्त्र त्यांच्या हातात होतं.

आता कोणत्या रंगात काय घालायचं, ते पाहा.

पोस्टर कलर असेल तर पाणी. एक भाग रंग आणि एक भाग पाणी इथून सुरुवात करा. लागलं तर पाणी दीड-दोन भागांपर्यंत न्या.

ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक असेल तर तोही पाण्यानं पातळ होतो. पण सांभाळून! अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगाचे कण धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो. पाणी फार झालं की त्याची पकड सुटते आणि वाळलेला रंग बोटाला लागून येतो. म्हणून रंगाइतकंच पाणी घालून भागलं नाही, तर पुढे पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिकचं मीडियम किंवा एअरब्रशचं थिनर वापरा. एअरब्रशसाठीच तयार मिळणारे रंग बहुधा आहेत तसेच चालतात.

डब्यातला ऑइल पेंट म्हणजे एनॅमल असेल तर त्यात पाणी अजिबात चालत नाही. तेल आणि पाणी कधी एक होतं का? त्याला टर्पेंटाइन लागतं, दोन भाग रंगाला एक भाग इथून सुरुवात. गाड्यांच्या डुको रंगाला त्याचं वेगळं थिनर असतं. ही दोन्ही कामं मात्र मोठ्या माणसांनी करायची. तुम्ही लांबून पाहायचं. का, ते पुढे सांगतो.

कोणताही रंग असो, नियम एकच. पाणी रंगात घालायचं, तेही ड्रॉपरनं, थेंब थेंब आणि ढवळत ढवळत. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, पण जास्त झालं तर आई काय करणार? तसंच हे. घट्ट रंग पातळ करता येतो, पातळ झालेला पुन्हा घट्ट करायचा म्हणजे नवा रंग ओतावा लागतो. मी लोटा उपडा केला तेव्हा नेमकं हेच विसरलो होतो.

नंतर रंग गाळून घ्या. जुना नायलॉनचा पायमोजा किंवा मलमलचा तुकडा चालेल. फवारणीच्या पंपात पाणी भरताना शेतकरी ते फडक्यानं गाळतात, तुम्ही पाहिलं असेल. नोझल तुंबू नये म्हणूनच. आणि मग? मग लगेच मूर्तीवर किंवा मॉडेलवर नाही! आधी रद्दी कागदावर मारून पाहायचं.

कागद सगळं सांगतो. झोत थांबत थांबत आला किंवा ठिपके थुंकले, तर रंग घट्ट आहे किंवा नोझल तुंबलंय. रंग कागदावर साखरेसारखा खरखरीत बसला, तर तो वाटेतच वाळतोय. थोडा पातळ करा, गन थोडी जवळ घ्या. ठिपक्याला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले किंवा ओघळ आला, तर रंग फार पातळ आहे, गन फार जवळ आहे, किंवा हवा जास्त आहे. छोट्या कामाला १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. मोटारीच्या चाकात साधारण ३० ते ३५ असतो, त्यावरून अंदाज करा. गन ५ ते १० सेंटिमीटर अंतरावर धरायची आणि हात सतत हलता ठेवायचा. आधी हात हलवायचा, मग खटका दाबायचा. एकाच जागी हात थबकला की तिथे ओघळ आलाच म्हणून समजा.

हवामानाचंही लक्षात ठेवा. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काम केलं तर रंग नोझलच्या टोकावरच वाळतो. तेव्हा सकाळ गाठायची. भाद्रपदात हवा ओली, रंग वाळायला वेळ लागतो. तेव्हा दोन हातांमध्ये जास्त थांबायचं. ‘हात’ म्हणजे रंगाचा थर. पेंटर म्हणतात ना, ‘तीन हात मारले’. पातळ रंगाचा पहिला हात फिकाच दिसतो. तो पाहून घाई करायची नाही. वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. जाड एक हात आणि पातळ तीन हात यांत रंग तेवढाच लागतो, पण काम मात्र वेगळं होतं.

आता ते मोठ्या माणसांचं कारण. थिनर आणि टर्पेंटाइनची वाफ लगेच पेट घेते. समोर समई, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको. गणपतीच्या दिवसांत तर हे डोक्यात पक्कं बसवा. काही जण पैसे वाचवायला थिनरऐवजी पेट्रोल घालतात. ते कधीही, कुणालाही करू देऊ नका. बंद खोलीत ही वाफ नाकात गेली की डोकं गरगरतं, मळमळतं. तोंडावर रुमाल बांधून वाफ अडत नाही, साध्या मास्कनंसुद्धा नाही. तो फक्त रंगाचे तुषार अडवतो. पाण्यातला रंग मारतानाही खिडकी-दार उघडं ठेवा आणि मास्क लावा. आणि गनची हवा कुणाच्या अंगावर, कानात, डोळ्यांत गमतीनंही मारू नका.

गन धुतलेलं पाणी नदी-विहिरीत टाकायचं नाही. पूर्णा नदी याच तालुक्यात गोदावरीला मिळते. आपण टाकलेलं तिथून पुढे कुणाच्या तरी हंड्यात जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांतही मूर्तींसाठी विषारी रंग नकोत, पाण्यात विरघळणारे निर्धोक रंग वापरा, असं सांगितलं आहे.

आणि ज्यांच्याकडे एअरब्रश नाही, त्यांच्यासाठी तो बिनखर्चाचा उद्योग! जुना टूथब्रश आणि एक फणी घ्या. कागदावर पिंपळाचं पान ठेवा. ब्रश रंगात बुडवून फणीवर घासा आणि पानाभोवती तुषार उडवा. आधी घट्ट रंगानं, मग दुधाइतक्या, मग पाण्याइतक्या पातळ रंगानं. तीन कागद शेजारी शेजारी ठेवा. मी इतका वेळ जे सांगितलं, ते ते तीन कागद एका मिनिटात सांगतील.

हां, आणि बाप्पाचं पुढे काय झालं? सकाळी मामांनी ओघळ बारीक पॉलिश पेपरनं अलगद घासले, पुन्हा पांढरा हात मारला, पुन्हा अंगाचा रंग दिला. वाळेपर्यंत आम्ही दोघं नुसते बसून होतो. मग मामा म्हणाले, “गन मी धरतो. रंग तू कर.” मी ड्रॉपर घेतला. थेंब टाकला, ढवळलं, टोपण भरलं. लाभ, दोन, तीन... चार वेळा मोजलं. पाचव्या वेळी दुधाचा आकडा आला. रद्दीवर मारून पाहिलं. मामांनी मान हलवली.

चतुर्थीच्या सकाळी आजी पाट घेऊन आल्या. मूर्तीच्या गालांकडे अगदी वाकून पाहिलं. ओघळाची खूण कुठे सापडेना. “कोणी केलं?” त्यांनी विचारलं.

“रंग यानं केलाय,” मामा म्हणाले. “मी नुसती फुंकर मारली.”

दोस्तांनो, ते टोपण अजून माझ्याकडे आहे. तुम्हीही एक बनवा. भोक पाडायला मोठ्यांची मदत घ्या, आणि तुमच्या घरच्या दुधाला किती आकडे लागतात ते मला जरूर कळवा. गाईच्या दुधाला किती, म्हशीच्या दुधाला किती? पाहा बरं फरक पडतो का!

तर मग भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
छंदकाका